मनगटावरचा लाल काठ

साडी केव्हाच संपली, मित्रांनो, मागे उरलो तो मी. मी एका जुन्या सुती साडीचा काठ आहे. दोन बोटं रुंद, दोन हात लांब आणि रंगानं लाल. आता लाल म्हणायचं ते आपलं सवयीनं. एवढ्याशा चिंधीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. पण मी जे अनुभवलं ते इतक्या जवळून दुसऱ्या कोणी अनुभवलेलं नाही. मी माणसांच्या मनगटावर बसत असे. मनगटात नाडी असते, आणि तोंड गप्प असलं तरी नाडी बोलत राहते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी भित्रा आहे. ही गोष्ट घाबरलेल्या माणसांची आहे आणि ती सांगणाराही घाबरलेलाच आहे. तेव्हा माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म यंत्रमागावर झाला. साडीच्या अंगाचे धागे विरळ असतात, काठाचे दाट. म्हणून साडी विरते पण काठ टिकतो. दुकानात बायका आधी काठच बघतात, दोन बोटांत धरून चोळतात आणि मग किंमत विचारतात. त्या कौतुकानं मी जरा शेफारलोच होतो. जालन्याच्या बाजारातून मला पुष्पाबाईच्या आईनं घेतलं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्यासाठी. साडी जांभळी होती आणि धुतली की अधिकाधिक मऊ होत जायची.

पुढे त्या साडीची झोळी झाली. एमआयडीसीजवळच्या पत्र्याच्या खोलीत, वरच्या लोखंडी पाइपला बांधलेली. झोळीत पुष्पाबाईची लेक, आकांक्षा. झोळीचं सगळं वजन काठावर येतं, हे तुम्हाला माहीत नसेल. पुष्पाबाई शेजारणीला सांगायची, साडी विरली पण काठ बराबर हाय, पोरगी पडायची न्हाई. आकांक्षाला ताप आला की तिच्या अंगाची धडधड माझ्यापर्यंत यायची. मी तिला घट्ट धरून असायचो. त्या दिवसांसारखं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

आकांक्षा मोठी झाली, शाळेत गेली, आता कॉलेजात आहे. मी पेटीत पडून राहिलो. दरम्यान पुष्पाबाईला नोकरी लागली होती. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एका ट्रस्टचं मानसिक आजारांचं छोटं रुग्णालय आहे, वीस खाटांचं. तिथे ती मावशी म्हणून लागली. रुग्णांची वेणीफणी, जेवण, चादरी आणि वेळ पडली तर त्यांना धरणं, ही तिची कामं.

या धरण्याविषयी सांगायला हवं. एखादा रुग्ण अनावर झाला की त्याचे हात खाटेला बांधत. साखळदंडाला कायद्यानं बंदी आहे, हे तिथे सगळ्यांना पाठ होतं. म्हणून दोर वापरत. दोरानं वळ उठत, कातडी सोलवटे, भेटीला आलेले नातेवाईक ते बघून रडत. पुष्पाबाईला ते बघवेना. एका सकाळी तिनं पेटी उघडली, मला नाकाशी धरून हुंगलं आणि साडी फाडली. दोन्ही काठ वेगळे काढले, त्यांचे आठ तुकडे केले आणि रुग्णालयात नेले.

डॉक्टर मुकुंद तिथले मुख्य डॉक्टर. त्यांनी मला हातात घेऊन दाबून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले की, पुष्पाबाई, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं. दोर त्याच दिवशी गेले. पुष्पाबाईचा चेहरा उजळला आणि खरं सांगायचं तर मीही फुगलो. आपण मऊ आहोत, आपण कोणाला दुखवत नाही, याचा मला अभिमान वाटला. त्या अभिमानाची आज मला लाज वाटते.

पहिलं मनगट बद्रीनाथ नावाच्या माणसाचं होतं. गाठ बसली आणि त्याची नाडी माझ्या अंगाला भिडली. तापात फणफणलेल्या आकांक्षाची जशी लागायची तशीच. मी सवयीनं घट्ट धरलं. झोळीत घट्ट धरलं की पोर शांत व्हायची; इथे मी जितकं धरावं तितकी नाडी पळायची. मला काही कळेना. पुढच्या दोन वर्षांत मी अशी किती मनगटं धरली ते सांगवत नाही. पंधरा मिनिटं बांधायचं असा नियम होता. प्रत्यक्षात चहा येईपर्यंत कोणी फिरकत नसे. "काठ आणा" हे शब्द त्या वॉर्डात इतके रुळले की ते ऐकून रुग्ण आपापल्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसत.

बांधणाऱ्यांच्या हातांचाही मला अनुभव आहे. ते हात घामानं ओले असत. पुष्पाबाईचे तर सर्वांत जास्त. चार वर्षांपूर्वी एका रुग्णानं तिचा हात पिरगाळून खांदा निखळवला होता. तिला चार दिवस रजा मिळाली आणि पाचव्या दिवशी त्याच वॉर्डात ड्यूटी. झाल्या प्रकारानं तुला काय वाटलं, असं तिला कोणी विचारलं नाही. तिनंही कोणाला सांगितलं नाही. मात्र तेव्हापासून ती गाठ दोनदा मारायची.

मग साधना आली. वय चोवीस. माहेर वाटूरकडचं, सासर जालन्यात. बियाण्यांच्या कारखान्यात ती किडकं बी निवडायचं काम करायची. एके दिवशी तिचा पदर मशीनजवळ गेला म्हणून मुकादमानं तिला मागून मनगट धरून ओढलं. चांगल्या हेतूनंच ओढलं. पण ती जी किंचाळली ती थांबेचना. त्यानंतर तिचं जेवण सुटलं, झोप गेली, कोणी जवळ आलं की ती अंगावर धावून जायची. सासरच्यांनी तिला वॉर्डात आणून सोडलं.

दाखल करताना कल्याणी सिस्टरनं रक्तदाब बघायला तिचं मनगट धरलं. साधनानं तिला चावा घेतला. लगेच आवाज उठला, काठ आणा.

पुष्पाबाईनं मला तिच्या मनगटावर गुंडाळलं आणि मित्रांनो, मी हादरलो. बाकीच्यांची नाडी आधी पळायची, मग दमायची. साधनाची नाडी एकाएकी मंद झाली. लहान झाली, आत गेली, जणू कुठेतरी लपून बसली. तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं. ती छताकडे बघत नव्हती, लोकांकडे बघत नव्हती. ती फक्त माझ्याकडे बघत होती. आणि तिचा सगळा विरोध संपला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. डॉक्टर मुकुंदांनी तिच्या फाइलमध्ये लिहिलं, "बांधल्यावर शांत." मला ओरडून सांगावंसं वाटलं की ही शांत नाही, ही या खोलीतच नाही. पण चिंधीला आवाज कुठला?

आठ दिवसांनी असंच पुन्हा झालं. पुन्हा मनगट, पुन्हा किंकाळी, पुन्हा मी. फाइलमध्ये पुन्हा तेच दोन शब्दांचं वाक्य. यावेळी सोडल्यावरही ती दोन दिवस बोलली नाही, जेवली नाही. डॉक्टरांनी तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं की आणखी एकदा असं झालं तर आम्हाला तिला दूरच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल, आमच्याकडे तेवढी सोय नाही.

वडिलांचं नाव रामकिसन. दर बुधवारी दुपारी ते एसटीनं यायचे, फडक्यात धपाटे बांधून आणायचे. साधनाची आई मात्र एकदाही आली नव्हती. रामकिसन डॉक्टरांसमोर उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली.

"तिकडं गेली तर मंग ती आम्हाला दिसायची न्हाई, सर. सासरचे तिला आणायला जायचे न्हाईत. माझ्याच्यानं तेवढ्या लांब येणं व्हायचं न्हाई. एवढ्या बारी ठेवून घ्या."

तेव्हा मी कपाटाच्या खणात होतो आणि खण अर्धवट उघडा होता. एवढं ऐकल्यापासून मला एकच धास्ती लागली. आता तिसऱ्यांदा मला बाहेर काढलं की ही पोरगी कायमची गेली. पावलं वाजली की मी आकसायचो. खणाला कोणाचा हात लागला की माझे धागे न् धागे ताठ व्हायचे.

त्याच महिन्यात निवेदिता मॅडम तिथे मानसतज्ज्ञ म्हणून आल्या. त्यांनी माझ्या कपाटाला लागून असलेल्या जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना तीन दुपारी शिकवलं. त्यांचं सांगणं साधं होतं. रुग्णाला काय आजार आहे हे आपण विचारतो. त्याच्यावर काय गुदरलं आहे हेही विचारू या. अंगाला हात लावण्याआधी सांगू या, परवानगी घेऊ या. मागून जाऊ नका, दारं आपटू नका, एकाशी चौघं एकदम बोलू नका. ज्याला एकदा मोठा घाव बसला आहे त्याला आपली साधी कृतीही तोच घाव वाटू शकते.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई उठून उभी राहिली.

"बांधलेलं माणूस मारत न्हाई, मॅडम. तुमी उद्या दुसरीकडं जासाल. आमाला हितंच ऱ्हायचंय."

निवेदिता मॅडमनी वाद घातला नाही. तुम्हाला कधी लागलं होतं का, एवढंच विचारलं. तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा पुष्पाबाईनं खांद्याची हकिकत सांगितली. सांगताना ती खांदा चोळत होती. अजूनही पाठीमागून कोणी आलं की अंगावर काटा येतो, म्हणाली. ती खाली बसली आणि बराच वेळ पदरानं तोंड पुसत राहिली.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी कपाट उघडायला सांगितलं. सगळ्यांनी मोठ्या कौतुकानं आम्हाला दाखवलं. ह्यानं वळ उठत न्हाई मॅडम, आमच्या पुष्पाबाईंची कल्पना. मॅडमनी मला हातावर घेतलं. हे इथून काढून टाकू या, त्या हळूच म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, एकदम नको, लोक घाबरतील. शेवटी असं ठरलं की खणाला कुलूप लावायचं आणि किल्ली डॉक्टरांकडे ठेवायची. कुलूप लागलं तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण कुलपाला किल्ली असतेच, हे मी विसरलो नाही.

आणखी एक गोष्ट ठरली होती. प्रत्येक रुग्णाशी निवांत बसून एक कागद भरायचा. मला कशाची भीती वाटते, मला कशानं बरं वाटतं, माझ्याजवळ येताना काय करावं. त्याला सगळे भीतीचा कागद म्हणायचे. कल्पना चांगली होती, पण आपली माणसं कागद म्हटला की तो पूर्ण करायच्या मागे लागतात. महिनाअखेरीला अहवाल जायचा होता. एका दुपारी कल्याणी सिस्टर खाटांच्या रांगेतून कागद घेऊन गेल्या आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारत सुटल्या, तुम्हाला कशाची भीती वाटते? कोणी कुत्र्याची म्हणालं, कोणी अंधाराची, कोणी काहीच नाही म्हणालं. सगळ्या वॉर्डासमोर आपली खरी भीती कोण सांगेल? साधना भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिच्या कागदावर सिस्टरनी लिहिलं, "सहकार्य नाही." बाकी सगळे कागद भरले. ज्याची गरज सर्वांत जास्त होती तो कोरा राहिला.

आणि तो बुधवार उजाडला.

दुपारचे तीन वाजत आले होते. रामकिसन फाटकाशी येऊन बसले होते. निवेदिता मॅडम त्या दिवशी अंबडला गेल्या होत्या. रक्त तपासणीसाठी नेहमीची मुलगी रजेवर होती आणि तिच्या जागी रूपाली नावाची दुसरी आली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिच्या हातात वीस जणांची यादी होती आणि तिला घाई होती. साधना खिडकीशी पाठमोरी उभी होती. रूपालीनं मागून जाऊन तिचं मनगट धरलं.

मी खणात होतो. हे सगळं मला मागाहून कळलं; तेव्हा फक्त आवाज आले. किंकाळी, ट्रे पडल्याचा, काचेच्या नळ्या फुटल्याचा, धावणाऱ्या चपलांचा. मग डॉक्टर मुकुंदांचा आवाज, तोही नेहमीसारखा नव्हता.

"पुष्पाबाई, ही किल्ली घ्या. काठ आणा. आणि कोणीतरी गाडीला फोन लावा."

किल्ली कुलपात फिरली. मित्रांनो, लोखंडाच्या त्या एवढ्याशा आवाजाची भीती मला अजून वाटते. खण उघडला, पुष्पाबाईचा हात आत आला, ओला आणि गार. आठ जणांतून तिनं मलाच उचललं.

वॉर्डात सगळे भिंतीला चिकटून उभे होते. कोपऱ्यात साधना होती. तिच्या हातात स्टीलचा पेला होता आणि तो तिनं मारायला उगारला होता. रूपाली दारात रडत होती. दोन वॉर्डबॉय दोन बाजूंनी पुढे सरकायच्या तयारीत होते. पुष्पाबाई मधून चालत निघाली. तिच्या मुठीत मी लोंबत होतो. मला वाटत होतं, ही आत्ता इथे घेरी येऊन पडेल. मी खाली पडेन, खाटेखाली जाईन, कोणाला सापडणार नाही.

तसं काही झालं नाही. साधनानं मला पाहिलं.

तिचा उगारलेला हात खाली आला. तिनं पेला जमिनीवर ठेवला, आवाज न करता, एखादं मूल मार चुकवायला शहाण्यासारखं वागतं तसा. मग तिनं आपली दोन्ही मनगटं एकमेकांना जुळवून पुढे केली. तिचा आवाज चोवीस वर्षांच्या बाईचा नव्हता.

"बांध, माय. मी गप बसते. पण तू जाऊ नको."

पुष्पाबाई जागच्या जागी थांबली. पुढे आलेल्या वॉर्डबॉयना तिनं दुसऱ्या हातानं मागे सारलं. मला पाठीमागे लपवलं. साधनापासून चार हातांवर, काचांचे तुकडे पायानं बाजूला करून ती फरशीवर मांडी घालून बसली. त्या बाईला मी वीस वर्षं ओळखतो. ती तेव्हाही भ्यायलेलीच होती. तिच्या पाठीशी असल्यामुळे तिची धडधड मला कळत होती.

"मी तुला बांधायला आली न्हाई. कोणं बांधल्तं तुला, बाई?"

साधनानं जुळवलेली मनगटं खाली घेतली. मग थोडंथोडं बोलली. ती दहा वर्षांची असताना तिला झटके यायचे. गावात कोणी म्हणालं की बाहेरचं आहे, अमुक ठिकाणी नेऊन बांधून ठेवा, नवव्या दिवशी उतरेल. तिथे सगळ्यांना दोरानं खांबाला बांधायचे. पोरीला दोर काचेल म्हणून तिच्या आईनं आपल्या अंगावरच्या साडीचा काठ फाडला. मऊ होता, घरच्या साबणाचा वास येत होता. आईनं स्वतःच्या हातानं गाठ मारली, गप बस म्हणाली, आणि पुरुष माणसांनी सांगितलं तशी उठून बाहेर गेली. नऊ दिवस तिला आत येऊ दिलं नाही. त्या नऊ दिवसांत तिथे काय काय झालं ते साधनानं सांगितलं नाही, आणि पुष्पाबाईनंही विचारलं नाही.

दोर असता तर मी ओढून तोडला असता, साधना शेवटी म्हणाली. पण ते मायचं होतं.

मित्रांनो, त्या क्षणी माझा सगळा अभिमान संपला. ज्या मऊपणावर मी फुगलो होतो, नेमका तोच तिला त्या खांबापाशी नेत होता. आणि यात दुष्ट कोणी नव्हतं, हीच तर भीतीची गोष्ट. तिच्या आईनं मायेनं बांधलं, पुष्पाबाईनं दयेनं साडी फाडली. कोणी फक्त विचारलं नव्हतं.

डॉक्टर मुकुंद फोन कानाला लावून उभे होते. पलीकडून कोणीतरी पत्ता विचारत असावं. त्यांनी गाडी नको म्हणून सांगितलं आणि फोन बंद केला. मग तेही खाली बसले, पुष्पाबाईच्याही मागे. रामकिसनना फाटकावरून आत बोलावलं. ते दारातच थांबले. आत येता येता सगळं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"तिची माय म्हणूनच येत न्हाई," ते म्हणाले. "तिला लई भ्या वाटतं पोरीच्या डोळ्याला डोळा द्यायचं."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी जुन्या फाइली काढून बसून वाचल्या. "बांधल्यावर शांत" हे वाक्य त्यांना अकरा फाइलींत सापडलं. सगळीकडे त्यांचंच अक्षर होतं. दुसऱ्या दिवशी निवेदिता मॅडम आल्यावर त्यांनी ते स्वतः सगळ्यांना वाचून दाखवलं. साधनाच्या फाइलमध्ये त्या वाक्याखाली त्यांनी लिहिलं, "शांत नव्हती. भीतीनं गोठली होती. मला ओळखता आलं नाही."

भीतीचे कागद पुन्हा भरले गेले. यावेळी एकेकाशी, खिडकीजवळच्या बाकावर बसून, कोणी एका दिवसात सांगितलं, कोणी महिना घेतला. साधनाच्या कागदावर तिनं स्वतः लिहिलं: मागून येऊ नका. मनगट धरू नका, रक्त घ्यायचं तर मी हात टेबलावर ठेवीन. साडीचा काठ दाखवू नका. माझ्याजवळ बसलात तर उठून जाताना सांगून जा. त्या वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला, मग ती रक्त घेणारी का असेना, आधी हे कागद वाचायला देतात. पुष्पाबाई आता कामावर असताना साडीवर मोठा डगला घालते, सगळी बटणं लावून.

आणि मी? पुष्पाबाईनं मला पिशवीत घालून ठेवलं होतं. काही दिवसांनी तिनं लांबूनच साधनाला विचारलं की त्या चिंधीचं काय करू, जाळून टाकू का. माझी झोळी कशी होती, त्यात आकांक्षा कशी झोपायची, हेही सांगितलं. मी पिशवीत श्वास रोखून होतो. जाळलं तरी माझी तक्रार नव्हती.

"जाळू नका," साधना म्हणाली. "त्या दाराला बांधा. वाऱ्यानं लागलं की मला भ्या वाटतं."

वॉर्डाच्या त्या दाराची कडी मोडली होती. वारा आला की ते धाडकन लागायचं आणि वीसही जण दचकायचे. पुष्पाबाईनं मला दाराच्या मुठीतून ओवलं आणि भिंतीतल्या खिळ्याला बांधलं. तेव्हापासून दिवसभर दार उघडं असतं. पहिले काही दिवस साधना हात काखेत घालून माझ्यासमोरून जायची. तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरायचो. दहाव्या की अकराव्या दिवशी तिनं जाता जाता एका बोटानं माझ्या गाठीला हात लावून बघितला. तिची नाडी चालत होती. भ्यायलेली होती, पण जागेवर होती.

सव्वा महिन्यानं ती माहेरी जायला निघाली. दारातून फाटक सरळ दिसतं. फाटकाबाहेर टमटम उभी होती, रामकिसन पिशव्या ठेवत होते आणि त्यांच्या बाजूला एक वाळकी बाई उभी होती. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन कंबरेत गच्च खोचला होता. साडीचं एकही टोक मोकळं नव्हतं. दोन्ही तळवे उघडे, पुढे धरलेले. साधना तिच्यापासून चार पावलांवर थांबली. दोघींच्या मध्ये कोणी गेलं नाही. पुष्पाबाई माझ्याजवळ, दाराशी उभी होती आणि तिनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"हात धरू का गं?" आईनं विचारलं.

साधनानं त्या हातांकडे बघितलं.

"आज न्हाई, माय."

आईनं मान हलवली आणि हात मागे घेतले. मग दोघी टमटमकडे चालत गेल्या, मध्ये हातभर अंतर ठेवून, शेजारी शेजारी.

मित्रांनो, कोणी एकाएकी गप्प झालं तर ते शांत झालं असं धरून चालू नका. कोणाचा हात धरायचा असेल, अगदी मायेनं धरायचा असेल, तरी आधी विचारा, आणि नाही म्हटलं तर ऐका. मला उपदेश करण्याचा अधिकार नाही, मी किती मनगटं बांधली ते तुम्ही ऐकलंच आहे. माझी सात भावंडं अजून त्या खणात आहेत. किल्ली डॉक्टरांकडे आहे. चार महिन्यांत ती फिरली नाही, तरी किल्ल्यांचा जुडगा वाजला की मी अजून आकसतो.

आजकाल एमआयडीसीकडून जोराचा वारा येतो. दार मला ओढतं. माझे धागे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, गाठीपाशी विरत चाललेत. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला आलात आणि गाठ सैल झालेली दिसली, तर मला पुन्हा घट्ट बांधा. मी सुटलो तर दार लागेल.